पत्रा, ऊन आणि वारा : लढाऊ जेटचं खरं वाटणारं चित्र

मी काढलेल्या पहिल्या मिग-२१ वर तीन आठवडे गेले होते. एकूण एक रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारा खिळा, टिपला होता. शेजारचे काका नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्यापुढे मोठ्या ऐटीत टॅब्लेट धरला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, चित्र डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाले, "झकास काढलंयस रे. पण हे चाक आत जाणार कुठं?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी दोन्ही हातांनी करून दाखवलं. मिग-२१ चा पंख पापडासारखा पातळ. चाकाचा दांडा त्यात आडवा मावतो, चाक मावत नाही. म्हणून दांडा आत वळताना चाक फिरतं आणि धडाच्या आत उभं जाऊन बसतं. तिथेही जागा पुरत नाही, म्हणून पंखाच्या मुळाशी, वरच्या अंगाला, धडाचा पत्रा लांबट फुगवलेला असतो. माझ्या चित्रात तिथे सगळं गुळगुळीत होतं. हजारभर रिव्हेट जागच्या जागी, आणि विमानाला चाक ठेवायला जागा नाही.

तेव्हापासून कुठलीही रेघ ओढण्याआधी ती तिथे का आहे, हे मी विचारतो. चित्र खरं वाटण्याचं निम्मं गुपित त्यात आहे. उरलेलं निम्मं ऊन आणि अंतर यांत. सॉफ्टवेअरचा नंबर त्यानंतर लागतो.

समजावताना मिग-२१ च घेतो. नाशिककरांना ते परकं नाही. १९६३ साली ते भारतीय हवाई दलात आलं, १९६४ साली ते बनवण्यासाठी ओझरचा कारखाना उभा राहिला, आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला त्याला निरोप दिला गेला. मधल्या बासष्ट वर्षांत त्याचं रूप इतक्या वेळा बदललं की 'मिग-२१ काढायचंय' हे वाक्यच अपुरं आहे.

कुठलं मिग?

नवशिक्याची पहिली चूक इथेच होते. इंटरनेटवरून दहा फोटो गोळा करायचे आणि एकाचं नाक, दुसऱ्याची पाठ, तिसऱ्याचं शेपूट असं एक विमान जुळवायचं. दिसायला छान, पण असं विमान कुठल्याच तळावर कधी उभं नव्हतं.

मिग-२१ ची आपल्याकडची दोन मॉडेलं, सुरुवातीचं एफएल आणि नंतरचं बिस, यांत काय फरक ते बघा. एफएलची कॅनॉपी, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण, पुढच्या बाजूला बिजागरी असल्यामुळे पुढे उघडायची. बिसची उजवीकडे कलते. एफएलच्या पाठीचा उंचवटा बेताचा. बिसच्या पाठीवर मोठा कणा आहे, कारण त्यात इंधन भरलेलं असतं. एफएलच्या पोटात तोफ नव्हती, बिसच्या पोटाखाली दुनळी तोफ बसवलेली. नाकावरून पुढे आलेला लांब दांडा, ज्याला पिटो ट्यूब म्हणतात आणि जो हवेच्या दाबावरून वेग सांगतो, तो एफएलमध्ये वर मधोमध आहे, तर बिसमध्ये उजवीकडे सरकलेला. बाजूने काढलेल्या चित्रात हे कळतही नाही. समोरून काढायला घेतलं की लगेच पितळ उघडं पडतं. पुढे बिसचंच सुधारून बायसन झालं, तेव्हा वैमानिकासमोरची काच एकसंध आली, आधीच्या चौकटी गेल्या.

रंगाचंही तसंच. एफएल सुरुवातीला चंदेरी, नुसत्या धातूच्या अंगाची होती. १९७१ चं युद्ध आलं तेव्हा त्यांच्यावर हिरवे-मातकट रंग चढले. तेव्हा तुमच्या चित्रातलं मिग ढाक्यावर चाललं असेल तर ते चकचकीत दाखवायचं का, हा प्रश्न कॅलेंडरला विचारायचा. माझं तर म्हणणं आहे की पेन हातात घेण्याआधी चिठ्ठीवर चार गोष्टी लिहाव्यात: कुठलं मॉडेल, कुठली स्क्वाड्रन, कुठलं वर्ष, दिवसाची कुठली वेळ. शेपटावरचा क्रमांकही यातच येतो. आपल्याकडे मिग-२१ च्या क्रमांकाआधी 'सी' असतो, मिराजला 'केएफ', जॅग्वारला 'जेएस', सुखोईला 'एसबी'. जाणकार माणूस सगळ्यात आधी तिथेच बघतो.

संदर्भासाठी फोटो लागतात, पण हवाई तळाच्या भिंतीवरून मोबाइल उंच करू नका. ते बेकायदा आहे आणि महागात पडतं. दिल्लीत पालमचं हवाई दलाचं संग्रहालय आहे, बेंगळुरूला एचएएल या विमान बनवणाऱ्या कंपनीचं आहे, आणि गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ नौदलाचं विमान संग्रहालय आहे. गोव्याच्या संग्रहालयात सी हॉक नावाचं जुनं ब्रिटिश जेट आहे, आपल्या पहिल्या विक्रांत या विमानवाहू जहाजावरून उडणारं. त्याच्याजवळ जाऊन पत्र्याकडे तिरप्या नजरेने बघा. पत्रा सपाट नसतोच. आतल्या फासळ्यांवर तो ताणलेला आणि दोन फासळ्यांच्या मधे किंचित खोल गेलेला, जुन्या पत्र्याच्या डब्यासारखा. चित्रात हा हलका हेलकावा आला की शंभर रिव्हेटचं काम होतं.

तांब्याचं तोंड

शाळेत इंटरमिजिएटची चित्रकलेची परीक्षा दिली असेल तर स्थिरचित्रात तांब्या काढला असेलच. तांब्याचं तोंड गोल, पण कागदावर लंबगोल, आणि तो लंबगोल जरा चुकला की तांब्या कलंडलेला दिसायचा. जेट विमान म्हणजे असे वीस-पंचवीस लंबगोल एकामागे एक लावलेले. नाकाचं तोंड, धडाचा प्रत्येक छेद, इंजिनाचं नोझल (मागचं तोंड), चाकं, क्षेपणास्त्रं. मिग-२१ तर जवळजवळ नळकांडंच आहे.

नियम एकच, आणि तो सोपा आहे. लंबगोलाचा जो आखूड व्यास असतो, तो नळकांड्याच्या आसाच्या रेषेत हवा. धडाच्या मधून नाकापासून शेपटापर्यंत एक रेघ ओढा. नाकाच्या लंबगोलाचा आखूड व्यास त्या रेघेवर, मागच्या नोझलचाही त्याच रेघेवर. आपण सवयीने लंबगोल उभा काढतो आणि विमान तिरकं असलं तरी नोझल उभंच राहतं. असं विमान कमरेत मोडल्यासारखं दिसतं. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी बिनसलंय हे कळतं.

आता अंतराचं गणित. हा भाग मला स्वतःला फार उशिरा उमगला, म्हणून जरा थांबून सांगतो.

बिसच्या पंखांचा एकूण पसारा ७.१५ मीटर. समजा तुम्ही बाजूला उभे आहात आणि जवळच्या पंखाचं टोक तुमच्यापासून १५ मीटरवर आहे. म्हणजे पलीकडचं टोक साधारण २२ मीटरवर. पलीकडची वस्तू जवळच्यापेक्षा दोन-तृतीयांश आकाराची दिसेल. आता तेच विमान दीडशे मीटरवर उडतंय. जवळचं टोक १५०, पलीकडचं १५७. फरक पाच टक्के, म्हणजे डोळ्याला जवळपास नाहीच. उडत्या विमानांचे आपण बघतो ते बहुतेक फोटो लांबून, दुर्बिणीसारख्या लांब लेन्सने घेतलेले असतात. म्हणून त्यांत दोन्ही पंख जवळजवळ सारखे दिसतात.

तिसरा हिशोब बघा. दुकानात मिळणारं १:७२ प्रमाणाचं प्लास्टिकचं मिग साधारण वीस सेंटिमीटर लांब असतं आणि दहा सेंटिमीटर रुंद. ते हातात धरून ३० सेंटिमीटरवरून बघितलं तर जवळचं टोक ३० आणि पलीकडचं ४० सेंटिमीटरवर. म्हणजे पलीकडची बाजू तीन-चतुर्थांश दिसते. डोळ्याला हा अनुभव लहानपणापासून पाठ आहे. म्हणूनच आकाशातलं विमान काढताना 'दमदार' दिसावं म्हणून जवळचा पंख अक्राळविक्राळ आणि पलीकडचा इवलासा केला की मेंदू म्हणतो, खेळणं आहे. वर मागचा भाग धूसर केला तर विचारायलाच नको. लांबच्या वस्तूच्या फोटोत नाक स्पष्ट आणि शेपूट अस्पष्ट असं होत नाही, ते टेबलावरच्या वस्तूच्या फोटोत होतं. दमदार पर्स्पेक्टिव्ह हवाच असेल तर मग खरोखर जवळ जा: बघणारा धावपट्टीच्या कडेला उभा आहे किंवा शेजारच्या विमानात बसलाय, असं चित्र रचा.

ज्यांना हे मोजमाप नकोसं वाटतं ते आधी ब्लेंडर नावाच्या त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये विमानाचा साचा उभा करतात, हवा तो कोन लावतात आणि त्यावर रंगवतात. काही लोक याला लबाडी म्हणतात. मला तसं वाटत नाही. जुने चित्रकार मातीचे आणि लाकडाचे नमुने समोर ठेवायचेच. अडचण वेगळी आहे. फुकट मिळणारे साचे कुणीतरी अंदाजाने केलेले असतात, आणि त्याची चूक तुमच्या चित्रात मुकाट उतरते. मी बघितलेल्या एका साच्यात चाकाचा तो फुगवटा नव्हता. हसू आलं.

धातूला स्वतःचा रंग नसतो

चंदेरी एफएल काढायला घेतलं की नवशिका करडा रंग उचलतो आणि वरून खाली गडद करत जातो. निघतं सिमेंटचं विमान.

स्वयंपाकघरातली स्टीलची कळशी खिडकीजवळ ठेवून बघा. कळशीत स्टीलचा रंग शोधून सापडत नाही. खिडकी दिसते, फरशी दिसते, तुम्ही दिसता, वाकडे-तिकडे. चकचकीत धातू हा आरसा आहे, फक्त वाकलेला. म्हणून मैदानात उभ्या चंदेरी विमानाच्या धडावर काय रंगवायचं? वरच्या अंगाला माथ्यावरचं आकाश, निळं. खाली येताना क्षितिजाजवळचं आकाश, जवळजवळ पांढरं. मग धडाच्या साधारण मध्यावर एकदम एक गडद पट्टा, ती क्षितिजावरची झाडं आणि इमारती. त्याखाली जमीन: काँक्रीटचा पिवळट करडेपणा, आणि अगदी तळाशी विमानाची स्वतःचीच सावली. पांढरा आणि गडद यांच्यातली ती सीमा जितकी धारदार, तितका पत्रा चकचकीत. तीच सीमा फासळ्यांच्या हेलकाव्यावर किंचित नागमोडी करा. एवढ्याने सिमेंटचा पत्रा होतो.

रंगवलेल्या विमानाची गोष्ट वेगळी. लष्करी रंग मुद्दाम बिनचकाकीचे असतात, कारण चमकणारं विमान लांबून दिसतं. अमेरिकेत रंगांना क्रमांक देण्याची एक जुनी पद्धत आहे, फेडरल स्टँडर्ड ५९५ नावाची. एफ-१६ च्या करड्या रंगांचे क्रमांक ३६११८, ३६२७० आणि ३६३७५. पहिला आकडा ३ म्हणजे रंग बिनचकाकीचा. दुसरा ६ म्हणजे करड्यांच्या कुटुंबातला. शेवटचे तीन आकडे जितके मोठे, तितका रंग उजळ. एवढं कळलं तर नुसत्या क्रमांकावरून पंखाचा वरचा रंग गडद की खालचा, हे सांगता येतं.

पण क्रमांक सापडला म्हणून तो रंग जसाच्या तसा ओतू नका. तो कारखान्यातल्या पट्टीवरचा रंग आहे. उन्हात वर्षभर उभं राहिलेलं विमान फिकं पडतं, आणि लांबून बघताना मधली हवा त्यात आपला निळसर दुधीपणा मिसळते. सह्याद्रीच्या रांगा एकामागे एक कशा फिकट निळ्या होत जातात, तेच दोनशे मीटरवर थोड्या प्रमाणात घडतं. मी मूळ रंग घेतो, जरा उजळतो, जरा निळसर करतो. शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा मात्र डबीतच ठेवतो. इंजिनाच्या तोंडातला अंधारसुद्धा पूर्ण काळा नसतो.

सावलीचाही रंग असतो, हे तर वारंवार सांगावं लागतं. सूर्य एका बाजूने पिवळसर प्रकाश टाकतो, पण आख्खं आकाश हा दुसरा दिवा आहे, निळा. म्हणून वरच्या पृष्ठभागावर पडलेली शेपटाची सावली निळसर होते. आणि तिसरा दिवा खाली. जैसलमेरच्या वाळूवरून कमी उंचीवर उडणाऱ्या विमानाच्या पोटाला तांबूस झाक येते, समुद्रावर हिरवट निळी. दाट ढगांच्या वर उडत असेल तर पोट जवळजवळ उजळून निघतं, कारण खाली पांढराशुभ्र ढगांचा गालिचा उन्हात चमकत असतो. 'वर उजेड, खाली अंधार' हा शाळेतला नियम तिथे सपशेल फसतो.

कॅनॉपीकडे वळू. काच निळी रंगवून वर पांढरी तिरपी रेघ मारणं ही कार्टूनची भाषा. विहिरीच्या काठावर उभं राहून सरळ खाली बघितलं तर तळाचे दगड दिसतात. तीच नजर पलीकडच्या काठाकडे नेली तर पाण्यात आकाश दिसतं. काच तसंच करते. कॅनॉपीचा जो भाग तुमच्याकडे सरळ तोंड करून आहे, त्यातून आतली सीट आणि वैमानिक स्पष्ट दिसायला हवा. जिथे काच कडेला वळते, तिथे आतलं पुसट होतं आणि आकाश उमटतं.

आतला वैमानिक हे तर माझं आवडतं मोजमाप आहे. विमान डावीकडे झुकून वळतंय आणि वैमानिक मात्र पासपोर्टच्या फोटोसारखा नाकासमोर बघतोय, असं चित्र मी दुसऱ्यांदा बघत नाही. वळणारा माणूस वळणाच्या आत बघतो. स्कूटरवरही हेच करतो आपण.

एक पिक्सेल म्हणजे अडीच मिलिमीटर

आता त्या रिव्हेटांकडे येतो, ज्यांवर माझे तीन आठवडे गेले.

नाकावरच्या दांड्यासकट मिग सुमारे १५ मीटर धरलं आणि चित्र ६००० पिक्सेल रुंद घेतलं, तर एका मीटरला ४०० पिक्सेल येतात. म्हणजे एक पिक्सेल अडीच मिलिमीटरचा. दोन पत्र्यांच्या मधली फट, जिला पॅनेल लाइन म्हणतात, ती बहुतेक ठिकाणी एवढीही रुंद नसते. म्हणजे ६००० पिक्सेलच्या भल्यामोठ्या चित्रातही ती फट एका पिक्सेलपेक्षा बारीक भरते. आणि आपण तिथे काय करतो? तीन पिक्सेलची काळी रेघ. खऱ्या विमानावर ती पाऊण सेंटिमीटरची भेग झाली. अशा भेगा असलेलं विमान काकांनी धावपट्टीवर जाऊच दिलं नसतं.

उपाय: फट वेगळ्या लेअरवर, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या वेगळ्या पारदर्शक थरावर, काढा, मूळ रंगाच्या फक्त जरा गडद छटेने, आणि लेअरची तीव्रता पंधरा-वीस टक्क्यांवर आणा. मग मऊ खोडरबराने काही ठिकाणी ती पुसूनच टाका, विशेषतः जिथे ऊन थेट पडतंय तिथे. सगळ्या फटी सारख्या नसतात. जे झाकण रोज उघडतं, इंधनाचं, तपासणीचं, त्याची कड मळकी आणि ठळक. जो पत्रा कारखान्यातून निघाल्यावर कुणी उघडला नाही, त्याची फट रंगाखाली बुजलेली. रिव्हेट तर बहुतेक पत्र्याशी समतल ठोकलेले असतात, हवेला अडथळा नको म्हणून. ते कुठेतरी, तिरप्या उन्हात, एखाद्या ओळीत जाणवले की पुरे.

मळ काढताना मात्र दिशा चुकू देऊ नका. पावसाळ्यात एसटीच्या मागच्या बाजूला चिखल कसा खालून वर उडालेला असतो, तो एसटीचा मळ. उडत्या विमानाचा मळ वारा ओढून नेतो, नाकाकडून शेपटाकडे. कुठल्याशा जोडातून झिरपलेलं तेल मागच्या दिशेने लांब, फिकी होत जाणारी रेघ सोडतं. तोफेच्या तोंडामागे काजळी. शिडी लागते तिथे आणि तंत्रज्ञ पंखावर चढतात तिथे बुटांचे ठसे आणि घासून आलेली चकाकी. शेपटाशी नोझलभोवतीचा उघडा धातू उष्णतेने रंग बदलतो: आधी गवतासारखा पिवळट, मग तपकिरी, जांभळट, निळा. हा क्रम तापमानाप्रमाणे ठरलेला आहे. स्टीलच्या कढईचं बूड गॅसवर कोरडं तापवलं की हेच पट्टे उमटतात, घरच्यांची बोलणी खाऊन खात्री केली आहे.

लेअरची उतरंड

साधनांबद्दल थोडक्यात. चित्र रंगवायचं क्रिटा हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि या कामाला पुरतं. फोटोशॉप असेल तर उत्तम, प्रोक्रिएट असेल तरी चालेल. पेन टॅब्लेट मात्र हवा. माऊसने पंखाची कड निघते, ढग निघत नाही.

लेअर लावताना एकच गोष्ट सांभाळा. खाली मूळ रंग, त्यावर चिन्हं, त्यावर फटी आणि मळ, आणि ऊन-सावली सगळ्यांच्या वर. सावलीचा लेअर 'मल्टिप्लाय' मोडवर, म्हणजे तो खालचं सगळं सारख्या प्रमाणात काळवंडतो. बरेचजण विमान पूर्ण रंगवून शेवटी आपलं गोल चिन्ह, बाहेर केशरी, मधे पांढरं, आत हिरवं, वरून चिकटवतात. मग सावलीतल्या धडावर केशरी रंग दिवाळीच्या आकाशकंदिलासारखा पेटलेला दिसतो. चिन्ह हाही रंगच आहे. त्यावर सावली पडते, मळ बसतो, फट त्यातून जाते.

आणि अधूनमधून चित्र आडवं उलटवून आरशातल्यासारखं बघा. डोळा ज्या चुकांना सरावलेला असतो त्या उलट्या चित्रात टचकन दिसतात.

हवा दिसते तेव्हा

जेटला बाहेर फिरणारा पंखा नसतो, त्यामुळे फिरता पंखा धूसर करून वेग दाखवायची सोय नाही. वेग हवेतून दाखवावा लागतो.

जोरात वळणाऱ्या विमानाच्या पाठीवर पांढरा ढग दिसतो. पंखाच्या वरच्या बाजूला हवेचा दाब एकदम कमी होतो, हवा पसरते आणि गार होते. सायकलच्या ट्यूबमधून सुटणारी हवा बोटाला गार लागते, तसंच. हवेत ओल असेल तर तिचे थेंब होतात. म्हणजे गोव्याच्या किनाऱ्यावर नौदलाचं मिग-२९के वळताना हा ढग शोभतो. राजस्थानात मे महिन्याच्या दुपारी तो काढलात तर हवामान खातं हसेल.

आफ्टरबर्नर म्हणजे इंजिनातून निघालेल्या तापल्या वायूत पुन्हा इंधन फवारून पेटवणं. त्या ज्वाळेत कधी चौकटच्या आकाराचे उजळ ठिपके एका ओळीत दिसतात. बाहेर पडणारा वायू आणि भोवतालची हवा यांचा दाब जुळत नाही, म्हणून वायू दबतो, फुलतो, पुन्हा दबतो. दबतो तिथे उजळतो. संध्याकाळी हे सुंदर दिसतं. भर दुपारी ज्वाळा जवळपास दिसतच नाही, फक्त मागचं दृश्य तव्यावरच्या हवेसारखं थरथरतं. पण दुपारच्या चित्रात वीस फुटी नारिंगी ज्वाळा काढायचा मोह कुणाला आवरत नाही. मलाही आवरला नव्हता.

मिगच्या नाकातला शंकू हीही अशीच एक जागा. त्यात रडार बसतं, आणि तो पुढे-मागे सरकतो: ध्वनीच्या बऱ्याच पुढच्या वेगात आत येणारी हवा आवरण्यासाठी तो बाहेर येतो. जमिनीवर तो आत असतो. तेव्हा उभ्या विमानाचा शंकू बाहेर आलेला काढू नये, आणि क्षेपणास्त्रांवरच्या लाल सुरक्षा फिती आकाशात फडकताना काढू नयेत. त्या उड्डाणाआधी काढून ठेवतात.

कधीकधी उलटा प्रवासही होतो, चित्रकाराची युक्ती विमानावर जाते. कीथ फेरिस हे अमेरिकेतले विमानचित्रकार. वॉशिंग्टनच्या हवाई संग्रहालयासाठी त्यांनी पंचाहत्तर फूट लांब भित्तिचित्र रंगवलं. लढाऊ विमानाच्या पोटावर खोटी कॅनॉपी रंगवायची, म्हणजे विमान कुठल्या बाजूला वळतंय हे शत्रूला क्षणभर कळणार नाही, ही कल्पना त्यांनी मांडली. कॅनडाच्या सीएफ-१८ विमानांच्या पोटावर तो गडद लंबगोल असतो. खालून दिसणारं सीएफ-१८ काढायचं झालं, तर रंगवलेली खोटी काच खऱ्यासारखी रंगवायची, आणि तिच्यात आकाश मात्र उमटू द्यायचं नाही. कारण ती काच नाही, बिनचकाकीचा रंग आहे. आठवडाभर डोकं धरून बसायला लावणारं काम.

माझं दुसरं मिग-२१ दीड वर्षाने झालं. बिस, सकाळी आठचं ऊन, चाकं अर्धी आत गेलेली, फुगवटा जागच्या जागी. काकांकडे घेऊन गेलो. त्यांनी दोन बोटांनी चित्र मोठं केलं, पंखाच्या मुळाशी बराच वेळ थांबले, मान हलवली. मग सावकाश शेपटाकडे सरकले.

"हा नंबर कुठून आणलास?"

मी 'सी' लावून पुढचे आकडे मनाने टाकले होते. तसं सांगितलं.

"हं," म्हणाले, आणि टॅब्लेट माझ्या हातात देऊन चहा टाकायला आत गेले.